तुमचा उशिरा येणारा वैशाख

नाही बाबा, म्हातारा चुकलेला नव्हता. चुकला होतात तुम्ही, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. आपलं बोलणं इथंच तुटलं होतं. तुम्ही हात उगारलात, आये मधे पडली, आणि मी दारातून उडी मारून उसात पळालो. पंधरा-सोळा वर्षांचा असेन. मग मी शहरात शाळेला परत गेलो, पुढच्याच साली तुम्ही तापाने गेलात, आणि उरलेलं बोलायचं राहून गेलं. ते आज बोलतो. तुम्हाला मधेच उठून जाता येणार नाही, हे एक बरं आहे.

दर्यापारच्या या बेटावर, रोझ बेलच्या त्या उसाच्या मळ्यावर, तुमच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ऊस तोडणाऱ्यांची टोळी, कारण तुम्ही सरदार. दुसरी म्हणजे आमचे सगळ्यांचे महिने. रत्नागिरीहून मजूर आणणाऱ्या आपल्या बोटीत भटजी कुणी चढला नव्हता आणि पंचांग कुणाच्या गाठोड्यात नव्हतं. दर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आंघोळ करून आढ्याला टांगलेल्या करवंटीत एक चिंचोका टाकायचात. बारा झाले की करवंटी रिकामी करायची, आणि तिसऱ्या वर्षी धोंड्याचा एक जास्तीचा. संध्याकाळी माणसं दारात यायची. "सरदार, चवथ कधी?" "सरदार, आयशीचं श्राद्ध कधी पडतं?" तुम्ही वर आढ्याकडे बघायचात, ओठ हलवायचात, आणि उत्तर द्यायला जरा वेळ लावायचात. तो वेळ लावणं तुम्हाला फार आवडायचं. ज्याला शेतात तुमची काठी बसायची तोच माणूस संध्याकाळी हात जोडून दारात उभा असायचा, कारण त्याचे मेलेले तुमच्या करवंटीत होते. या बेटावर कावळा नाही, तर पानाला साळुंकी शिवली तरी चालेल, हेही तुम्हीच ठरवलंत. कुणी विचारलं नाही की तुम्हाला कुणी सांगितलं.

आणि तुमची चूक पकडणार कशी? गावाकडे म्हणे वैशाख म्हणजे आंबे, घाम, आटलेल्या विहिरी. तिथं कुणी जेठाला वैशाख म्हणालं असतं तर पावसानेच त्याला गप्प केलं असतं. इथं सगळंच उलटं. वैशाखात थंडी सुरू होते आणि आंबे दिवाळीनंतर पिकतात. हवेवरून काही कळायचं नाही. शेजारच्या मळ्यावरचे बिहारी दिवाळी आपल्या आधी करायचे, तर तुम्ही म्हणायचात, "त्यांचा महिनाच वेगळा, पुनवेला सुरू होतो." तेवढं खरं होतं, म्हणून बाकीचंही खपून गेलं. नवीन बोटीने कुणी रत्नागिरीकडचा आला आणि म्हणाला, "सरदार, गावात तर आता श्रावण लागला असंल," तर तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवायचात. "बोटीवर सगळ्यांचेच दिवस हरवतात रे. आता माझ्या हिशेबानं चल." तो बिचारा दर्याने हललेला, उलट्यांनी अर्धा झालेला. त्याला वाटायचं, असेल, माझेच दिवस हरवले असतील. हे वाक्य मला आठवतं तेव्हा आजही कानशिलं तापतात.

तुमच्या वैशाखातल्या पुनवेला मजुरांचा सगळा कँप पिंपळापाशी जमायचा. आधी झाडाच्या बुंध्याला पाणी, मग बायका एकमेकींना पाण्याने भरलेली मडकी द्यायच्या. गावाकडे ते उन्हाळ्याचं दान. तहानलेल्याला पाणी. इथं झिमझिम पाऊस, अंगाला झोंबणारा वारा, पोरांच्या नाकातून पाणी गळतंय, आणि त्यात गार पाण्याचं मडकं कमरेवर. आये दरसाल कुरकुरायची, "दात वाजतायत न् हे गार पाण्याचं पुण्य. गरम पेज दिली तर पुण्य लागायचं नाय होय?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तुम्ही हसायचा नाहीत. तुम्ही चंद्र शोधत ढगांकडे बघत उभे असायचात, जसं काही तुम्ही बोलावलं म्हणूनच तो येणार होता.

त्या पिंपळाला लागून कँपच्या टोकाला सिलोनच्या म्हाताऱ्याची झोपडी होती. इंग्रजांनी सिलोनमधून धरून आणलेल्या कुणा बड्या असामीच्या चाकरीत तो पोरगा असताना आला होता. धनी इथंच मेला, चाकर मागे राहिला. मॅनेजरच्या बागेत काम करायचा, टोपल्या विणायचा, आणि आम्हा पोरांना टोपलीला हात लावू द्यायचा नाही. आम्ही त्याला इथल्या क्रेओल बोलीत तोंतों म्हणायचो, म्हणजे काका. वर्षातून एका पुनवेला तो पांढरं धुतलेलं नेसायचा, दुपारनंतर काही खायचा नाही, आणि वाटेवर साखर-लिंबाच्या पाण्याचा मोठा हंडा ठेवायचा. येईल त्याने प्यावं. दिवेलागणीला पिंपळाखाली पणत्यांची रांग. एका साली त्याचं तेल संपलं तेव्हा तुम्हीच आयेला सांगून वाटीभर पाठवलं होतंत. ते मी विसरलेलो नाही. म्हणून तर राग जास्त येतो. तुम्हाला तो माणूस आवडत नव्हता असं नाही. तुम्हाला त्याचा चंद्र आवडला नाही.

तुम्हीच मला इंग्रजी शाळेत घातलंत. शहरात एका गाडीवानाच्या घरी ठेवलंत आणि टोळीपुढे मिरवलंत, "माझा पोर साहेबाशी साहेबासारखा बोलणार." तर त्या शाळेत मास्तरांनी एक दिवस भूगोलाच्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवलं. सिलोन, बर्मा, सयाम, चीन, या सगळ्या देशांत बुद्ध नावाच्या एका माणसाचा दिवस पाळतात, आणि तो माणूस हिंदुस्थानातला. मास्तरांनी हे नाक मुरडून वाचलं. बघा, किती लोक अंधारात आहेत. माझ्या मात्र अंगात वारं शिरलं. आपल्या मुलखातला एक माणूस आणि एवढे देश त्याच्या नावाने दिवे लावतात. दशावतार म्हणताना तुम्ही शेवटचे दोन "बौद्ध, कलंकी" असे एका दमात उरकायचात, त्यातला हा. मला कधी एकदा घरी येऊन सांगतो असं झालं होतं. बैलगाडीत क्युरपिप गावापाशी भिजून चिंब झालो, तरी वाटभर तेच डोक्यात.

मी पोचलो त्या संध्याकाळी म्हाताऱ्याच्या पणत्या लागत होत्या. मी गाठोडं तसंच ठेवून त्याच्याकडे गेलो.

"तोंतों, आज काय?"

"वेसाक." तो वात वळत होता. "आज तो जन्मला. आजच त्याला उमजलं. आजच गेला. तिन्ही एका पुनवेला."

"म्हणजे वैशाख. पण आमचा वैशाख अजून आला नाही. ही चैत्राची पुनव. बाबा म्हणतात."

त्याने वात सोडली आणि वर बोट केलं. "सा लालिन-ला मेम." हाच चंद्र. "कोलंबोची बोट लागली की मी शहरात जाऊन खलाशांना विचारून येतो. मलाही विसर पडतो, मी काही राजाचा जोशी नाही. खोटं वाटत असेल तर त्या चिन्याला विचार. आणि तो हंडा सांड नको, बाजूला हो."

चिन्याचं दुकान नाक्यावर. खारे मासे, तेल, दोरखंड. त्याने गल्ल्यामागून एक पितळेचं पोर काढून दाखवलं, एक हात वर करून उभं, बोट आभाळाकडे. आठवड्यापूर्वी त्याने त्याला गोड पाण्याने आंघोळ घातली होती. दरसाल त्यांच्या चौथ्या महिन्यात आठव्या दिवशी घालतात म्हणाला, त्याच्या गावाहून छापलेला कागद येतो.

"हाच बुद्ध?" मी विचारलं.

"मग दुसरा कोण? पोर जन्मलं की आंघोळ घालतात. तुम्ही नाही घालत?"

"सिलोनवाला आज करतोय. तू आठवड्यापूर्वी केलंस. मग बरोबर कोण?"

"पोराला आठवड्याने परत आंघोळ घातली तर बिघडलं काय?" आणि मग हसून म्हणाला, "सरदाराला सांग, त्याचा चंद्र उशिरा उठतो."

हे मी तुम्हाला सांगितलं नाही. घाबरलो म्हणून नाही. मला वाटत होतं, हे सगळ्यांसमोर सांगायची गोष्ट आहे. माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र होतं. पुढच्या पुनवेला तुमची माणसं पिंपळापाशी मडकी घेऊन येतील, म्हातारा पणत्या आणेल, चिनी आपलं पितळेचं पोर आणेल, आणि मी शाळेत शिकलेलं सगळ्यांना समजावून सांगेन, की बघा, आपण सगळे एकाच माणसाचा दिवस करतोय. महिन्याभराचा फरक आपण हसत हसत दुरुस्त करू. तुम्ही म्हणाल, "पोरगा शिकला." पुढच्या पुनवेला मी शाळा बुडवून आलो.

चिनी आला नाही, दुकान सोडून कशाला येईल. म्हाताऱ्याला मी हात धरून आणलं. पाऊस थांबला होता आणि चंद्र स्वच्छ दिसत होता. सगळ्यांनी पाणी घातलं, आणि मी बोललो. म्हटलं, बाबा, ही वैशाखाची पुनव नाही, ती मागच्या महिन्यात होऊन गेली, ही जेठाची. आधी कुणाला कळलंच नाही. मग मळ्यावरच्या गाडीवाल्याची बायको, जिची जीभ सगळ्या कँपला माहीत, ती म्हणाली, "थांब रं. आज जेठाची पुनव म्हंजे आज वडाची पूजा. न् आम्ही ती करतो पुढल्या महिन्यात, आषाढात?"

"होय," मी म्हटलं.

"म्हंजे सात जन्म हाच नवरा दे म्हणून मी दरसाल मागितलं, ते देवानं ऐकलंच नाय?"

"नसेल ऐकलं."

"सुटले बाई."

"आणि मी सुटलो नाय होय?" तिचा नवरा मागून म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, जमलं. तुम्ही मात्र बुंध्यापाशी रिकामा तांब्या घेऊन उभे होतात.

मग ती म्हातारी बोलली. आपल्या शेजारची, विधवा, तुमच्याच बोटीने आलेली. तिचा नवरा गावीच वारला होता, ती बोटीत चढायच्या दोन वर्षं आधी, वैशाखातल्या पुनवेला. गावातून तिने दुसरं काही आणलं नव्हतं, ही एक तिथी आणली होती. त्या दिवशीही तिने दुपारी भात, वडे, खीर करून पान ठेवलं होतं. ती तुमच्याकडे बघून म्हणाली, "सरदार, पोरगा म्हणतो ते खरं असलं, तर माझा धनी मागच्या पुनवेला आला असंल. चूल थंड बघून गेला असंल. इतकी सालं." तिचा आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती.

तेव्हा तुम्ही एक शब्द बोलायचा होतात. "बघतो" म्हणाला असतात तरी चाललं असतं. तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. तुम्ही म्हाताऱ्याकडे वळलात. "ज्याच्या धन्याला गोऱ्यानं मुसक्या बांधून आणला, तो मला महिने शिकवणार?" आणि मग मला, "तुला इंग्रजी शिकवली ती साहेबाशी बोलायला. माझे महिने मोजायला नाय." म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती. त्याने मला विचारलं, सरदार काय म्हणतो? मी म्हटलं, थंडी आहे, घरी जा म्हणतो. तो म्हणाला, खरं आहे, आणि गेला. मग लोकही गेले, मडकी न देताच. घरी आल्यावर तुम्ही हात उगारलात ते मी वर लिहिलंच आहे.

दोन दिवसांनी, मी शाळेला परत जाण्याआधीच, त्याची झोपडी उतरवली. तुम्ही मॅनेजरला सांगितलंत की म्हातारा उसाजवळ दिवे लावतो, तोडणी तोंडावर आली आहे, एक ठिणगी पडली तर मळा जाईल. इतकी वर्षं ते दिवे तुमच्या नाकासमोर लागत होते. तुम्ही स्वतः उभं राहून छपराचं गवत खाली काढायला लावलंत. म्हातारा काही साधू नव्हता. क्रेओलमध्ये आणि त्याच्या सिलोनीत शिव्या देत होता, टोपल्या गाडीत फेकत होता, एक टोपली तुमच्या पायावर मारली. उत्तरेला गुडलँड्सकडे कुणा ओळखीच्याकडे जातो म्हणाला. गाडी हलली तेव्हा आये दारात उभी होती. ती तुम्हाला ऐकू जाईल अशी बोलली, "त्याचं छप्पर उतरवलंत. चंद्र कसा उतरवणार?" तुम्ही त्या दिवशी घरी जेवला नाहीत. जेवायला पाहिजे होतंत. निदान मला तरी वाटलं असतं की तुम्ही स्वतःला खरं समजता.

कारण तुम्ही समजत नव्हतात. हे मला आयेने सांगितलं, तुम्ही गेल्यावर. बोटीवर तुम्हाला ताप आला होता. खाली अंधारात तुम्ही किती दिवस पडून होतात ते तिलाही सांगता येत नव्हतं, ती स्वतः उलट्या करून अर्धमेली. तुम्ही उठलात, धरून धरून वर गेलात, पुनवेचा चंद्र बघितलात, आणि तिला विचारलंत, "मी किती पडलो होतो? पंधरा दिवस की जास्त?" ती म्हणाली, मला काय ठाऊक. तुम्ही कठड्याला टेकलात. मग म्हणालात, "मार्गशीर्ष धरू." धरू. या एका शब्दावर पुढची सगळी वर्षं उभी. तो पौष होता, बाबा. आयेने तुम्हाला नंतर एकदा विचारलं होतं, लोकांना सांगू या का की अंदाजच आहे. तुम्ही म्हणालात, अंदाज आहे म्हटलं तर एकही माणूस उद्या पान ठेवणार नाही. असेल तसं. पण मग त्या म्हाताऱ्याचं छप्पर का उतरवलंत? ज्याला माहीत नाही तो भांडला तर मी समजू शकतो. तुम्हाला माहीत होतं.

तुमच्यावरच्या रागाने मी पुष्कळ शिकलो, हे मान्य करतो. आता मी पोर्ट लुईला, बंदरावर मजूर उतरवून घेतात त्या डेपोत, दुभाष्या आहे. रत्नागिरीची माणसं बोटीतून उतरली की साहेब त्यांना नाव-गाव विचारतो, आणि मी मधेच माझा एक प्रश्न घुसवतो, आज तिथी कोणती? साहेबाला वाटतं मी तब्येत विचारतो. एकाने मला छापलेलं पंचांग दिलं. ते वाचता यावं म्हणून मी मराठी अक्षरं शिकलो, वयाच्या विशीत, एका सुताराच्या ओसरीवर, त्याच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून. म्हणून तर हे पत्र मराठीत लिहू शकतो. आणि धक्क्यावर कुठलीही बोट लागली की मी खलाशांना बुद्धाच्या दिवसाबद्दल विचारतो, ते मला वेडा समजतात. रंगूनकडचा एक खलाशी म्हणाला, त्यांच्या गावात त्या पुनवेला बायका डोक्यावर पाण्याचे घडे घेऊन वाजतगाजत जातात आणि पिंपळाच्याच झाडाला घालतात, कारण तिकडे तेव्हा झाड सुकायला आलेलं असतं. मी त्याला म्हटलं, आम्हीही घालतो, पावसात. तो म्हणाला, पावसात कशाला? सयामचा एक जण सांगत होता, हातात मेणबत्ती आणि फूल घेऊन देवळाभोवती तीन फेऱ्या, एक शब्द न बोलता, आणि पोरं मागून एकमेकांच्या केसांना चटके देतात. चिन्यांचा दिवस आठवडाभर आधी, आणि तो नुसता जन्माचा, मरण ते दुसऱ्या महिन्यात करतात. सिलोनवाले तिन्ही एकाच दिवशी. एवढे देश, प्रत्येकाचं वेगळं, आणि मी मुद्दाम खोदून विचारतो की दिवसावरून भांडणं होत नाहीत का. होतात, म्हणतात. मग? मग काय, जेवायची वेळ होते. छप्पर उतरवल्याचं मला अजून कुणी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मी त्या पुनवेला गुडलँड्सला गेलो. म्हातारा होता. डोळे गेले होते, टोपली मात्र हाताने विणत होता. पणत्या शेजारची पोरगी लावत होती आणि तो तिला ओरडत होता की ओळ वाकडी झाली, दिसत नसताना. मी कोण ते सांगितल्यावर त्याने माझा हात धरला, मग सोडला. मला लिंबाचं पाणी दिलं. बराच वेळ बोटींच्या, बाजारभावांच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाला, "सरदार?"

"वारले."

"की लालिन?" कोणत्या चंद्रात?

सरळ प्रश्न होता. त्यात टोमणा होता की नव्हता, मला आजही कळलेलं नाही. तुम्ही गेलात ती दशमी, अंधारा पंधरवडा, तुमच्या करवंटीप्रमाणे भाद्रपद. सगळा कँप म्हणाला, सरदार नशीबवान, पितरांच्या पंधरवड्यात गेला. पंचांगाप्रमाणे तो आश्विन होता. पितर महिन्यापूर्वीच येऊन गेले होते आणि लोक दिवाळीच्या तयारीला लागले होते. मी म्हाताऱ्याला म्हटलं, चंद्र ढगात होता. तो हसला, दात नसलेलं हसू, आणि म्हणाला, बस, खाऊन जा, मी खाणार नाही पण तू खा.

आता मूळ गोष्ट. गेल्या आठवड्यात रोझ बेलहून चार माणसं आगगाडीने आली. त्यांत ती विधवा म्हातारी, जवळजवळ वाकून जमिनीला टेकलेली, नातवाच्या खांद्यावर हात. तुम्ही गेल्यापासून करवंटीत चिंचोके त्याच टोळीतला एक जण टाकतो, तुमच्याच हिशेबाने. तो आता थकला. माझ्याकडे पंचांग आहे हे सगळ्यांना कळलंय. ते म्हणाले, यंदा भाद्रपद, पितरांचा पंधरवडा, कधी ते तू सांगायचं, तू सांगशील तेव्हा पानं ठेवू. मी पंचांग काढायला उठलो. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होतो, बाबा. बोट ठेवून दाखवणार होतो, हे बघा, हा खरा महिना, तो म्हातारा खरा होता, माझा बाप खोटा होता. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "ते पुस्तक काय म्हणतंय ते नको सांगू पोरा. माझा धनी कधी येतो ते सांग."

मी बसलो. तिला खरं सांगितलं तर तिने इतकी वर्षं रांधलेलं कुणी खाल्लंच नाही, आणि तिला आता थोडेच दिवस उरलेत. नाही सांगितलं तर मी तुमच्यासारखाच, आढ्याकडे बघून ओठ हलवणारा. मी म्हटलं, दोन-चार दिवसांत निरोप पाठवतो. तुमचीच युक्ती, वेळ लावायची. त्यांनी तुमच्याकडे बघायचे तसंच माझ्याकडे बघितलं आणि परत गेले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकतो. माझ्या घरी पानं दोनदा मांडली जातात. खऱ्या पंधरवड्यात आजोबांचं, आजीचं, कारण ते गावी गेले, त्यांचे महिने सरळ आहेत. आणि त्यानंतर महिन्याने, दशमीला, तुमचं एकट्याचं. बायको विचारते हे काय, तर मी म्हणतो डेपोत सुट्टी मिळाली नव्हती. दया म्हणून करत नाही, तसं समजू नका. खऱ्या महिन्यात तुम्ही आलात तर तुम्ही चुकला होतात हे कबूल केल्यासारखं होईल, आणि तुम्ही ते कधी करणार नाही, तेवढं मी तुम्हाला ओळखतो. रांधलेला भात वाया घालवायला मला आवडत नाही, एवढंच. पण हे माझ्या घरापुरतं झालं. रोझ बेलला निरोप परवा जायला पाहिजे, त्या म्हातारीला मी कोणता महिना सांगू? तुम्हाला काय वाटतं, बाबा?